फक्त एक शब्द उरला, ‘आमेन’: रँडी ट्रॅव्हिस यांच्या ‘फॉरेव्हर अँड एव्हर, आमेन’ची गोष्ट

२ नोव्हेंबर २०१६. अमेरिकेतलं नॅशव्हिल शहर. कंट्री म्युझिक असोसिएशनच्या पुरस्कारांचं ते पन्नासावं वर्ष होतं. सुरुवातीलाच मोठमोठे गायक रंगमंचावर जमले होते आणि जुन्या गाजलेल्या गाण्यांची साखळी सुरू होती. शेवटचं गाणं होतं ‘फॉरेव्हर अँड एव्हर, आमेन’.

हे गाणं ज्यांनी १९८७ साली लोकप्रिय केलं ते रँडी ट्रॅव्हिस स्वतः तिथे हजर होते. पण गात होते इतर लोक. तीन वर्षांपूर्वी आलेल्या ब्रेन स्ट्रोकने ट्रॅव्हिस यांची वाचा गेली होती.

गाणं संपत आलं. शेवटचा फक्त एक शब्द राहिला. तो ट्रॅव्हिस यांनी म्हटला, “आमेन.” सभागृहातल्या अनेकांचे डोळे पाणावले.

एका साध्या प्रेमगीताचा शेवटचा शब्द ऐकून एवढं गलबलून येण्यासारखं काय होतं? ते समजून घ्यायचं तर या गाण्याची, ते गाणाऱ्या माणसाची आणि त्याच्यासोबत राहिलेल्या बाईची गोष्ट जाणून घ्यायला हवी.

आधी, कंट्री म्युझिक म्हणजे काय?

इथला ‘कंट्री’ म्हणजे देश नाही, तर गावाकडचा भाग. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ आणि शेतीच्या प्रदेशात ब्रिटन-आयर्लंडहून आलेल्या लोकांची गाणी, चर्चमधली भजनं आणि कृष्णवर्णीयांचं ब्लूज संगीत एकमेकांत मिसळत गेलं. त्यातून हे संगीत तयार झालं. बँजो हे कंट्रीचं हमखास वाद्यही मुळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांकडून आलं.

१९२७ च्या उन्हाळ्यात टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात राल्फ पीअर या निर्मात्याने स्थानिक गायकांची ध्वनिमुद्रणं केली. त्यात कार्टर फॅमिली आणि जिमी रॉजर्स ही नावं पुढे आली. कंट्री म्युझिकचा इतिहास सांगताना बहुतेक जण याच घटनेपासून सुरुवात करतात. नंतर रेडिओमुळे हे संगीत घराघरात गेलं आणि नॅशव्हिल हे त्याचं मुख्य केंद्र बनलं.

कंट्रीची गाणी गोष्ट सांगतात. शेत, ट्रक, दारूचा गुत्ता, चर्च, आई, तुटलेलं लग्न, टिकलेलं लग्न असे रोजच्या जगण्यातले विषय त्यात असतात. भाषा साधी असते. पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही गोष्ट कळली पाहिजे, ही अट असते.

गाण्यात नेमकं काय आहे?

गाण्यातला पुरुष आपल्या प्रेयसीला दिलासा देतोय. बाकीच्यांना वाटतंय की हे चार दिवसांचं प्रेम आहे. तो म्हणतोय की तसं नाही, हे कायमचं आहे.

असं म्हणणारी हजारो गाणी आहेत. या गाण्याचं वेगळेपण त्याच्या मोजमापात आहे.

आपल्याकडे जुन्या सनदांमध्ये आणि शिलालेखांमध्ये ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ असं लिहिलेलं सापडतं. म्हणजे चंद्र-सूर्य आहेत तोवर हे दान टिकेल. कायमचं काही सांगायचं असलं की माणूस आकाशातल्या वस्तूंकडे बोट दाखवतो. प्रेमगीतांतही तेच होतं. तारे, समुद्र, डोंगर यांची साक्ष काढली जाते.

या गाण्यातला नायक मात्र खाली, गावातल्या ओट्याकडे बोट दाखवतो. जोवर म्हातारे बसून पावसापाण्याच्या गप्पा मारतात आणि जोवर म्हाताऱ्या बसून त्या म्हाताऱ्यांबद्दल बोलतात, तोवर माझं प्रेम टिकेल, अशा अर्थाचं तो बोलतो. ऐकताना आधी हसू येतं. मग लक्षात येतं की हे मोजमाप चंद्र-सूर्याइतकंच भक्कम आहे. म्हाताऱ्यांच्या गप्पा जगात कधी बंद पडल्या आहेत का?

दुसरी गोष्ट म्हाताऱपणाची. काळाने शरीर बदलेल, केसांचा रंग जाईल, हे नायक लपवत नाही. मी काही तुझ्या केसांवर प्रेम केलेलं नाही, केस गळून गेले तरी फरक पडणार नाही, अशी तो हलकी मस्करीही करतो. बहुतेक प्रेमगीतं तारुण्यातच थांबतात. या गाण्यात दोन तरुण माणसं आपल्या म्हातारपणाबद्दल बोलतात. त्यामुळे अमेरिकेत लग्नाच्या समारंभात हे गाणं हमखास लावलं जातं. पंचवीस किंवा पन्नास वर्षांचा संसार झालेली जोडपीही त्याला आपलं मानतात.

एका लहान मुलाच्या बोलण्यातून मिळालं शीर्षक

हे गाणं रँडी ट्रॅव्हिस यांनी लिहिलेलं नाही. ते पॉल ओव्हरस्ट्रीट आणि डॉन श्लिट्झ या दोघांनी मिळून लिहिलं. नॅशव्हिलमध्ये ही रीतच आहे. गीतकार वेळ ठरवून भेटतात, गिटार घेऊन बसतात आणि दोन-तीन जण मिळून गाणं पूर्ण करतात. मग ते कोणत्या गायकाला शोभेल याचा शोध सुरू होतो.

श्लिट्झ तेव्हा नावाजलेले होते. केनी रॉजर्स यांचं १९७८ सालचं ‘द गॅम्बलर’ हे जगभर गाजलेलं गाणं त्यांचंच.

‘फॉरेव्हर अँड एव्हर, आमेन’ या शीर्षकामागची आठवण श्लिट्झ यांनी सांगितलेली आहे. त्यांच्या होणाऱ्या पत्नीचा लहान मुलगा तेव्हा येशूने शिकवलेली प्रार्थना पाठ करत होता. इंग्रजीत या प्रार्थनेचा शेवट ‘फॉरेव्हर अँड एव्हर, आमेन’ या शब्दांनी होतो. मुलाला ते शेवटचे शब्द इतके आवडले की तो ते आपल्या बोलण्याला जोडू लागला. आईवर आपलं प्रेम आहे हे सांगतानाही तो शेवटी तेच शब्द लावायचा.

मूल निरागसपणे जे बोललं, त्यात गीतकाराला गाणं दिसलं. ‘आमेन’ हा मूळ हिब्रू शब्द. अर्थ साधारण ‘असंच होवो’ किंवा आपल्या ‘तथास्तु’च्या जवळ जाणारा. मराठी ख्रिस्ती कुटुंबांतही प्रार्थनेच्या शेवटी ‘आमेन’ हाच शब्द म्हटला जातो. प्रेमाची कबुली देऊन तिच्यापुढे ‘आमेन’ लावला की त्या कबुलीची शपथ होते. गाण्याचं सगळं वजन या एका शब्दावर आहे. नंतर काय होणार आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

या जोडीचं आणखी एक गाणं तुम्ही बहुधा ऐकलेलं आहे. ‘व्हेन यू से नथिंग अ‍ॅट ऑल’. १९९९ च्या ‘नॉटिंग हिल’ या सिनेमामुळे रोनन कीटिंग यांच्या आवाजातलं हे गाणं भारतातही घरोघरी पोहोचलं. अनेकांना ते ब्रिटिश पॉप गाणं वाटतं. प्रत्यक्षात ते ओव्हरस्ट्रीट आणि श्लिट्झ यांनी लिहिलेलं कंट्री गाणं आहे. १९८८ मध्ये कीथ व्हिटली यांनी ते पहिल्यांदा लोकप्रिय केलं आणि १९९५ मध्ये अ‍ॅलिसन क्राउस यांच्या आवाजात ते पुन्हा गाजलं.

‘तू फारच गावठी गातोस’

रँडी ट्रॅव्हिस यांचं खरं नाव रँडी ब्रूस ट्रेविक. जन्म ४ मे १९५९, नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या मार्शव्हिल या छोट्या गावात. वडिलांना जुन्या कंट्री गाण्यांचं वेड होतं. रँडी लहानपणापासून भावासोबत गायचा. पण पोरगा वाया जाण्याच्या मार्गावर होता. शाळा सुटली, दारू आणि नशा सुरू झाली, पोलिसांच्या भानगडी वाढल्या.

शार्लट शहरात लिब हॅचर नावाची बाई एक क्लब चालवायची. तिथे रँडी गाऊ लागला. तुरुंगवास समोर दिसत असताना हॅचर यांनी न्यायालयात त्याची जबाबदारी घेतली. पुढे त्या त्याच्या मॅनेजर झाल्या आणि १९९१ मध्ये दोघांनी लग्न केलं.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दोघं नॅशव्हिलला आले. हॅचर ‘नॅशव्हिल पॅलेस’ या क्लबची व्यवस्था बघायच्या. रँडी तिथल्या स्वयंपाकघरात काम करायचे, भांडी घासायचे आणि मधेच एप्रन काढून रंगमंचावर गायला जायचे. रेकॉर्ड कंपन्यांनी त्यांना पुन्हा पुन्हा नकार दिला. कारण काय तर हा मुलगा फारच कंट्री गातो. कंट्री म्युझिकच्या राजधानीत हे कारण ऐकायला मिळावं, यातच त्या काळाची गंमत आहे.

त्यामागे एक पार्श्वभूमी होती. १९८० मध्ये जॉन ट्रॅव्होल्टा यांचा ‘अर्बन काउबॉय’ हा सिनेमा आला. शहरांमध्ये काउबॉय टोपी घालण्याची फॅशन आली आणि कंट्री गाणी अधिकाधिक पॉपसारखी गुळगुळीत होऊ लागली. फॅशन ओसरली तशी विक्रीही घसरली. १९८५ मध्ये तर ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने कंट्री म्युझिकच्या उतरणीबद्दल लिहिलं.

त्याच वर्षी वॉर्नर ब्रदर्सने रँडी यांना करारबद्ध केलं आणि त्यांचं आडनाव ट्रॅव्हिस झालं. पहिलं गाणं होतं ‘ऑन द अदर हँड’. तेही ओव्हरस्ट्रीट आणि श्लिट्झ यांचंच. दुसऱ्या बाईच्या मोहात पडलेला विवाहित पुरुष ऐनवेळी बोटातल्या अंगठीकडे बघून मागे फिरतो, असा त्याचा विषय. हे गाणं बिलबोर्डच्या कंट्री यादीत ६७ व्या क्रमांकापुढे गेलं नाही. पण ‘१९८२’ हे पुढचं गाणं सहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचलं. तेव्हा कंपनीने पहिलं गाणं पुन्हा बाजारात आणलं आणि १९८६ च्या उन्हाळ्यात ते थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. जे गावठी म्हणून नाकारलं होतं, तेच लोकांना हवं होतं.

१९८७: गाण्याचा सुवर्णकाळ

‘फॉरेव्हर अँड एव्हर, आमेन’ १९८७ च्या वसंतात आलं. निर्माते होते काइल लेहनिंग. जूनमध्ये ते सलग तीन आठवडे बिलबोर्डच्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. ज्या अल्बममध्ये ते होतं, त्या ‘ऑलवेज अँड फॉरेव्हर’च्या पुढे अमेरिकेत लाखो प्रती विकल्या गेल्या.

त्याच वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशनने या गाण्याला ‘सिंगल ऑफ द इयर’ ठरवलं. १९८८ मध्ये सर्वोत्तम कंट्री गाण्याचं ग्रॅमीही त्याला मिळालं. हा पुरस्कार गीतकारांचा असतो, त्यामुळे तो ओव्हरस्ट्रीट आणि श्लिट्झ यांच्याकडे गेला. त्याच ग्रॅमी सोहळ्यात ट्रॅव्हिस यांना ‘ऑलवेज अँड फॉरेव्हर’साठी सर्वोत्तम कंट्री गायकाचा पुरस्कार मिळाला.

ट्रॅव्हिस यांचा आवाज खर्जातला. ते कुठेही ओरडत नाहीत. शब्दाच्या शेवटी आवाज अलगद खाली उतरवतात. कबुली देणारा माणूस जितका शांत, तितका त्याच्यावर विश्वास बसतो. या गाण्याला तोच स्वभाव हवा होता. ट्रॅव्हिस यांच्या यशानंतर जुन्या धाटणीच्या कंट्रीला पुन्हा दिवस आले आणि पुढे अ‍ॅलन जॅक्सन, गार्थ ब्रूक्स यांच्यासारख्यांसाठी रस्ता मोकळा झाला.

हा सूर आपल्या कानाला ओळखीचा का वाटतो?

कंट्री गाणं पहिल्यांदा ऐकणाऱ्या मराठी माणसालाही त्यातला एक आवाज ओळखीचा वाटतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा, काहीसा रडवेला आवाज. तो स्टील गिटारचा असतो. डाव्या हातातली धातूची कांडी तारांवरून सरकवून हे वाद्य वाजवतात.

याचा उगम हवाई बेटांवरचा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. तिथून हे वाद्य अमेरिकेत गेलं आणि कंट्रीत रुजलं. दुसऱ्या वाटेने ते भारतातही आलं. हवाईयन गिटारवादक ताऊ मो १९४० च्या दशकात कोलकात्यात राहून वाजवत आणि शिकवत होते. मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत व्हॅन शिप्ली, हजारा सिंग यांच्यासारख्या वादकांनी ते लोकप्रिय केलं. आपल्या संगीतात मींड महत्त्वाची असल्याने हे वाद्य इथे पटकन सामावलं. जयपूरचे पंडित विश्वमोहन भट्ट यांनी त्याच पद्धतीने वाजणारी मोहनवीणा घडवली आणि अमेरिकी गिटारवादक राय कूडर यांच्यासोबतच्या अल्बमसाठी १९९४ मध्ये ग्रॅमी मिळवलं. थोडक्यात, नॅशव्हिलचा आणि मुंबईच्या स्टुडिओंचा हा सूर एकाच घरातून निघालेला आहे.

गायकाचं आयुष्य गाण्यासारखं नव्हतं

एकनिष्ठ प्रेमाचं सर्वांत लाडकं गाणं ज्यांच्या नावावर आहे, त्यांचं स्वतःचं आयुष्य तितकं सरळ नव्हतं. हॅचर यांच्याशी झालेलं त्यांचं लग्न २०१० मध्ये मोडलं. २०१२ मध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल त्यांना टेक्सासमध्ये अटक झाली. त्या काळात त्यांच्या नावाच्या बातम्या गाण्यांसाठी येत नव्हत्या.

जुलै २०१३ मध्ये त्यांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. विषाणूच्या संसर्गाने हृदयाचे स्नायू कमजोर झाले होते. उपचार सुरू असतानाच त्यांना मोठा ब्रेन स्ट्रोक आला. मेंदूवरचा दाब कमी करण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागली. वय होतं फक्त ५४.

तेव्हा त्यांच्यासोबत होत्या त्यांच्या जोडीदार मेरी डेव्हिस. जगण्याची आशा अगदी थोडी आहे, यंत्रांचा आधार काढून घेण्याचा विचार करा, असं डॉक्टरांनी सुचवल्याचं मेरी यांनी नंतर मुलाखतींत सांगितलं आहे. त्यांनी निर्णय घेण्याआधी ट्रॅव्हिस यांनाच विचारलं, तुम्हाला अजून लढायचं आहे का? ट्रॅव्हिस यांनी त्यांचा हात दाबला. मेरी यांनी डॉक्टरांना उपचार चालू ठेवायला सांगितलं.

पुढचे कित्येक महिने रुग्णालयात गेले. चालणं पुन्हा शिकावं लागलं. उजवा हात नीट चालेना, त्यामुळे गिटार सुटली. मार्च २०१५ मध्ये दोघांनी लग्न केलं. म्हणजे मेरी यांनी ज्या माणसाशी लग्न केलं, तो गाऊ शकत नव्हता आणि नीट बोलूही शकत नव्हता. गाण्यात केस पांढरे होण्याची, गळण्याची गोष्ट आहे. इथे तर आवाजच गेला होता.

गाण्यातली शपथ पुरुषाच्या तोंडी आहे. प्रत्यक्षात ती निभावली एका बाईने.

बोलता येत नाही, मग ‘आमेन’ कसं म्हणता येतं?

ट्रॅव्हिस यांना झालेल्या विकाराला अफेझिया म्हणतात. मराठीत वाचाघात. बहुतेक लोकांमध्ये भाषेची मुख्य केंद्रं मेंदूच्या डाव्या भागात असतात. तिथे रक्तपुरवठा थांबला की शब्द सापडणं, वाक्य जुळवणं अवघड होतं. इथे एक गैरसमज टाळायला हवा. अफेझिया म्हणजे बुद्धी किंवा स्मरणशक्ती जाणं नाही. अनेकदा माणसाला आतून बरंच कळत असतं, पण ते शब्दांत बाहेर येत नाही.

पण अनेक रुग्णांना एक साधं वाक्य बोलता येत नसताना ओळखीचं गाणं मात्र म्हणता येतं. कारण गाताना मेंदूच्या उजव्या भागाचाही मोठा सहभाग असतो. शिवाय लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेल्या गोष्टी, उदाहरणार्थ आकडे, वारांची नावं, प्रार्थना, या नव्या वाक्यासारख्या दरवेळी जुळवाव्या लागत नाहीत. त्या एकसंध बाहेर येतात. याच निरीक्षणावरून १९७० च्या दशकात अमेरिकेत ‘मेलॉडिक इंटोनेशन थेरपी’ विकसित झाली. त्यात रुग्णाला रोजची वाक्यं सुरात म्हणायला लावतात आणि हळूहळू सूर कमी करत बोलण्याकडे नेतात.

घरात कुणाला स्ट्रोक येऊन वाचा गेली असेल, तर ही माहिती उपयोगाची आहे. अशा माणसाशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलू नये. छोटी वाक्यं वापरावीत, उत्तराला वेळ द्यावा आणि लवकरात लवकर स्पीच थेरपिस्टचा सल्ला घ्यावा. आवडती गाणी किंवा आरत्या सोबत म्हणून बघायलाही हरकत नाही.

ऑक्टोबर २०१६ मध्ये ट्रॅव्हिस यांचा कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. भाषण मेरी यांनी केलं. त्यांचं बोलून झाल्यावर ट्रॅव्हिस यांनी ‘अमेझिंग ग्रेस’ हे जुनं भजन गायला सुरुवात केली. आवाज अडखळत होता, पण ते गात होते. त्यानंतर काही आठवड्यांनी पुरस्कार सोहळ्यातला तो ‘आमेन’ आला.

‘आमेन’ हा प्रार्थनेतलाही शब्द आणि त्यांच्या स्वतःच्या गाण्यातलाही. हजारो वेळा म्हटलेला. एका लहान मुलाच्या प्रार्थनेतून गाण्यात आलेला हा शब्द गायकाकडे शेवटपर्यंत टिकून राहिला.

रेडिओवर गाणं वाजतं, गायकाला किती मिळतं?

या गाण्याला एक कमी चर्चेची बाजू आहे. अमेरिकेत एएम आणि एफएम रेडिओवर गाणं वाजलं की मानधन गीतकार, संगीतकार आणि त्यांच्या प्रकाशकांना मिळतं. गाणाऱ्याला मिळत नाही. रेडिओमुळे गायकाची जाहिरात होते, तिकिटं आणि रेकॉर्ड विकल्या जातात, असा रेडिओ कंपन्यांचा जुना युक्तिवाद आहे.

पण गायकाचा आवाजच गेला तर? कार्यक्रम बंद होतात, तिकिटं विकायचा प्रश्नच राहत नाही, गाणी मात्र रोज वाजत राहतात. ‘फॉरेव्हर अँड एव्हर, आमेन’ ट्रॅव्हिस यांनी लिहिलेलं नसल्याने त्याच्या रेडिओ प्रसारणातून त्यांना गायक म्हणून काहीच मिळत नाही. जून २०२४ मध्ये ट्रॅव्हिस दांपत्य याच विषयावर अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहाच्या समितीपुढे गेलं. गायकांनाही रेडिओने मोबदला द्यावा, अशी तरतूद असलेल्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. ट्रॅव्हिस शेजारी बसले होते आणि त्यांच्या वतीने मेरी बोलल्या.

एआयने परत आणलेला आवाज

मे २०२४ मध्ये ट्रॅव्हिस यांचं ‘व्हेअर दॅट केम फ्रॉम’ हे नवं गाणं आलं आणि लोक चक्रावले. बोलू न शकणारा माणूस गातो कसा?

त्यामागे कृत्रिम बुद्धिमत्ता होती. ट्रॅव्हिस यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतला केवळ आवाज वेगळा काढून संगणकाला शिकवण्यात आला. मग जेम्स दुप्रे या गायकाने नवं गाणं गायलं आणि त्याच्या गाण्यावर ट्रॅव्हिस यांच्या आवाजाचा थर चढवण्यात आला. निर्माते होते तेच काइल लेहनिंग, ज्यांनी १९८७ सालचं गाणंही केलं होतं. इतर गायकांच्या आवाजाच्या बनावट नकला इंटरनेटवर फिरत असताना हे उदाहरण वेगळं ठरलं. इथे ज्याचा आवाज होता, तो माणूस स्वतः प्रक्रियेत सहभागी होता आणि त्याची संमती होती.

पण ज्या गाण्याने त्यांना ओळख दिली, त्याच्यासाठी संगणक लागत नाही. जेम्स दुप्रे आणि ट्रॅव्हिस यांच्या जुन्या वाद्यवृंदाने गेल्या काही वर्षांत त्यांच्या गाण्यांचे कार्यक्रम केले आहेत. ट्रॅव्हिस रंगमंचावर बसलेले असतात. गाणी दुप्रे गातात. ‘फॉरेव्हर अँड एव्हर, आमेन’ संपताना शेवटचा शब्द मात्र ट्रॅव्हिस यांच्यासाठी राखलेला असतो.

ऐकायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

आधी १९८७ चं मूळ गाणं ऐका. म्हाताऱ्यांच्या गप्पांच्या ओळींवर हसू येतं का बघा.

मग गायक जॉश टर्नर यांनी २०२० मध्ये ‘कंट्री स्टेट ऑफ माइंड’ या अल्बमसाठी गायलेलं हेच गाणं लावा. ते संपायच्या आत पुढचं गाणं लावू नका. शेवटचा ‘आमेन’ रँडी ट्रॅव्हिस यांचा आहे.